जुन्या बंदुकांची निगा : लेख, वस्तु आणि आजचा संग्राहक

शस्त्रांचा इतिहास लिहितांना आमच्याकडे लढाया, किल्ले आणि नामांकित तोफा यांजकडेच लेखकांचें लक्ष जातें. बार कोणीं काढला आणि गोळा कोठें पडला, हें बखरकार सांगतो. बार झाल्यावर ती नळी कोणीं धुतली व कशानें पुसली, हें तो सांगत नाहीं, आणि आपणही विचारीत नाहीं. वस्तुतः एकदां घडविली म्हणजे पुढें कायमची उपयोगी पडली, अशी बंदूक कधींच नसते. पावसाळ्यांत निगा चुकली तर दसऱ्यास ती काठीच्या मोलाची होई. हत्याराची निगा हा त्या हत्याराचा अर्धा इतिहास आहे, असें आमचें मत आहे. हा अर्धा भाग उपलब्ध ग्रंथांवरून व प्रत्यक्ष वस्तूंवरून कितपत जुळवितां येतो, तें पाहणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु होय.

या विषयाकडे आम्ही वळलों, त्यास एक खेदकारक प्रसंग कारण झाला. कांहीं वर्षांपूर्वीं घाटावरील एका गांवीं एका सद्गृहस्थांच्या घरीं जुनें दफ्तर पाहण्यास आम्ही गेलों होतों. रुमाल सुटण्यापूर्वींच यजमानांनीं मोठ्या हौसेनें घराण्यांतील तोड्याची बंदूक पुढें आणून ठेविली. पाहुणे येणार म्हणून त्यांनीं ती चार दिवस खपून चिंच, राख व खरकागद यांनीं घासून आरशासारखी चकचकीत केली होती. आम्हीं कौतुक केलें. दुपारीं दफ्तर चाळतां चाळतां घरच्या चीजवस्तूंची एक याद हातीं लागली; तींत त्या बंदुकीच्या नळीवर सोनेरी अक्षरें असल्याची नोंद होती. बंदूक पुन्हां मागवून उजेडांत फिरवून पाहिली. अक्षराचा एक कानाही शिल्लक नव्हता. जें शेंदोनशें वर्षांच्या गंजानें केलें नाहीं, तें चार दिवसांच्या हौसेनें केलें होतें. त्याच बंदुकीसंबंधीं आणखी एक गोष्ट त्या दिवशीं उघडकीस आली. ती पुढें योग्य स्थळीं सांगूं.

१. प्रथम हत्याराची रचना. आपल्याकडील जुनी बंदूक बहुधा ठासणीची, म्हणजे तोंडाकडून भरावयाची, व तोड्यानें पेटवावयाची असे. नळीच्या बुडाशीं बाजूस एक बारीक छिद्र असतें. त्यास ‘कान’ म्हणत. कानाबाहेर लहानशी प्याली असून तींत रंजक म्हणजे बारीक दारू घालावयाची. चाप ओढला म्हणजे पेटता तोडा प्यालीवर येतो, रंजक पेटते, तिची ज्वाळा कानांतून आंत शिरते आणि नळींतील दारू उडते. हें सर्व यंत्र सुईएवढ्या वाटेवर अवलंबून आहे. कान बुजला तर रंजक भडकून विझते आणि बार होत नाहीं. शत्रु समोर असतां असें झालें म्हणजे काय होई, हें सांगणें नको.

कान बुजतो कशानें? तर मुख्यतः दारूच्याच मळीनें. जुनी काळी दारू सोरा, गंधक व कोळसा यांची. तिचें रूढ प्रमाण शेंकडा ७५, १० व १५ असें. ती जळते तेव्हां तिचा निम्म्याहून कमी भाग वायुरूप होतो. निम्म्याहून अधिक भाग घनरूप राहून कांहीं धुरावाटे उडतो व कांहीं नळीस आंतून चिकटून बसतो. ही मळी नुसती काजळी नव्हे. तींत सोऱ्यापासून झालेले क्षार असतात, आणि हे क्षार हवेंतील ओल ओढून घेतात. कोरड्या दिवशींही नळी आंतून दमट होते आणि लोखंड खाऊं लागतें. मग आषाढांत, घाटमाथ्याच्या किल्ल्यावर तिची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी.

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी, कारण पुढील सर्व विवेचन तिजवर उभें आहे. हे क्षार पाण्यांत विरघळतात, तेलांत विरघळत नाहींत. पाण्यानें लोखंड गंजतें हें सर्वांस ठाऊक आहे. म्हणून बंदुकीस पाणी लावूं नये, तेल मात्र भरपूर चोपडावें, असा सामान्य समज होतो. तो चुकीचा आहे. मळीवर तेल दिलें तर क्षार तेलाखालीं सुखानें राहून आपलें काम चालूच ठेवितात. खरा क्रम असा कीं, आधीं पाणी, शक्य तर कढत. मग पूर्ण कोरडें पुसणें. आणि शेवटीं तेल. कढत पाण्यानें क्षार लवकर विरघळतात, शिवाय नळी तापल्यामुळें ती आपोआप वाळते.

२. आतां संस्कृत ग्रंथांकडे वळूं. शुक्रनीतीच्या चौथ्या अध्यायांत नालिकास्त्राचें जें वर्णन आहे तें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या परिचयाचें असेल. या ग्रंथाच्या काळाविषयीं मोठा वाद आहे. गुस्ताव ऑपर्ट यांनीं १८८० सालीं त्याच्या आधारें प्राचीन भारतांत दारू व बंदुका होत्या असें प्रतिपादन केलें, आणि पुढें १८८२ त मूळ ग्रंथही छापला. उलट लल्लनजी गोपाळ यांनीं १९६२ सालीं तो ग्रंथ एकोणिसाव्या शतकांतील असल्याचा पक्ष सप्रमाण मांडला. निदान बंदुकीविषयींचे श्लोक प्राचीन मानावयास आम्ही तयार नाहीं. परंतु ग्रंथ प्राचीन नाहीं एवढ्यानें तो निरुपयोगी होत नाहीं. ज्यानें हे श्लोक रचिले त्यानें तोड्याची बंदूक डोळ्यांनीं पाहिली होती, हें उघड दिसतें. आणि आमच्या कामास तेवढें पुरेसें आहे.

या श्लोकांत दोन निरनिराळे शब्द आले आहेत. नालास्त्र नित्य ‘संमार्जनानें’ स्वच्छ राखावें, असें एके ठिकाणीं सांगितलें आहे. पुढें बंदूक भरण्याचा क्रम देतांना पहिली क्रिया ‘शोधनाची’ सांगितली आहे. त्यानंतर दारू, मग ती दांड्यानें बुडाशीं घट्ट ठासणें, मग गोळी, मग ‘कर्णावर’ चूर्ण, आणि शेवटीं अग्निदान. संमार्जन आणि शोधन हे आम्हांस पर्याय वाटत नाहींत. मृज् धातूचा अर्थ पुसणें, घासणें. तें रोजचें व बाहेरील अंगाचें काम. शुध् धातूचा अर्थ आंतील दोष काढून टाकणें. तें प्रत्येक बारापूर्वींचें व नळीच्या पोटांतील काम. बारापूर्वीं शोधन कां, तर मागील बाराची जळती ठिणगी किंवा चिंधीचा तुकडा आंत राहिला असला तर नवी दारू घालतांच ती भरणाराच्या हातांतच उडावयाची. तोफेच्या कवाईतींत ओला बोळा बांधलेला दांडा आधीं नळींत फिरवीत, तो याच कारणास्तव. एका शब्दानें हत्यार वांचतें, दुसऱ्यानें माणूस वांचतो.

‘कर्ण’ या शब्दाकडेही वाचकांनीं लक्ष द्यावें. मराठींत छिद्रास कान आणि या ग्रंथांत कर्ण. मराठी शब्द संस्कृतावरून आला, असें सहजच म्हणावेंसें वाटतें. परंतु ग्रंथ उत्तरकालीन असेल तर उलट ओघही संभवतो, म्हणजे गोलंदाजाच्या तोंडचा देशी शब्द पंडितानें संस्कृतांत नेला. आमचा कल या दुसऱ्या पक्षाकडे आहे. दारूच्या प्रमाणासंबंधींही असेंच दिसतें. सोरा पांच भाग, गंधक एक व कोळसा एक असें एक प्रमाण देऊन नालास्त्राकरितां सोरा सहा किंवा चार भाग घ्यावा, असें तेथें म्हटलें आहे. सहा भाग घेतल्यास सोरा बरोबर शेंकडा ७५ भरतो. हें ज्ञान दारूखान्यांतील अनुभवाचें आहे, आणि दारूखान्यांतूनच तें श्लोकांत गेलें असावें.

३. मोगली साधनांत ऐने-अकबरी या ग्रंथांत, म्हणजे सोळाव्या शतकाच्या अखेरीस, बंदुका साफ करण्याकरितां एक स्वतंत्र प्रकरणच आहे. पूर्वीं एका बळकट माणसास लोखंडी हत्यारांनीं फार वेळ खपावें लागे; बादशहानें असें एक चक्र काढलें कीं, तें एका गुरानें फिरविलें असतां सोळा नळ्या थोड्या वेळांत साफ होत, असें अबुल फजल सांगतो. हें ‘साफ करणें’ म्हणजे नेहमींचें धुणें-पुसणें नव्हे. ठोकून घडविलेल्या नळीचें आंतील अंग खरवडून एकसारखें करण्याची ही कारखान्यांतील क्रिया असावी, असें आम्हांस वाटतें. तरी निगेच्या दृष्टीनें तिचें महत्त्व आहेच. आंतील अंग जितकें गुळगुळीत, तितकी मळी कमी धरते. आणि खड्डे पडलेल्या नळींत तीच मळी बोळ्यास दाद देत नाहीं. गंज एकदां लागला कीं वाढतच कां जातो, याचें एक कारण हेंही आहे.

४. आतां आमच्या विषयाचें मुख्य साधन. १७१५ सालचें, रामचंद्रपंत अमात्यांचें म्हणून प्रसिद्ध असलेलें आज्ञापत्र राजनीतीचा ग्रंथ म्हणून पुष्कळदां वाचिलें जातें. त्यांतील दुर्गप्रकरण मात्र एखाद्या दक्ष कोठावळ्याच्या दृष्टीनें वाचावें, अशी आमची सूचना आहे. तेथें सांगितलेल्या गोष्टींचा सारांश असा. दारूखाना वस्तीच्या घरांजवळ किंवा घरांवरून येणाऱ्या वाऱ्याच्या वाटेंत नसावा. त्यास तळघर असून दारू माचावर ठेवावी. बाण, हुके वगैरे वेगळ्या जागीं असावे. सर्दी लागूं देऊं नये. पहारा रात्रंदिवस असावा व परवानगीवांचून कोणास आसपास फिरकूं देऊं नये. आणि दर आठ-पंधरा दिवसांनीं हवालदारानें स्वतः येऊन हा सर्व माल बाहेर काढवावा, त्यास ऊन द्यावें व पुन्हां आंत ठेवून मुद्रा करावी.

तोफांविषयीं तर आज्ञा याहूनही नेमकी आहे. पर्जन्यकाळीं तोफांस तेल-मेण द्यावें, त्यांचे कान मेणानें बुजवावे आणि वर तोफेपुरतें आच्छादन घालून त्या खराब होऊं देऊं नयेत. तोफेजवळ ठेवावयाच्या सामानांत कान साफ करण्याच्या साधनासही जागा दिलेली आहे. किल्ल्याच्या दरवाजांसही तेंच तेल-मेण सांगितलें आहे.

या आज्ञांत तीन गोष्टी आम्हांस विशेष वाटतात. पहिली, तेल आणि मेण यांची जोडी. नुसतें तेल उतरणीवर ओघळून जातें आणि चार महिन्यांच्या मुसळधारेपुढें टिकत नाहीं. मेण त्यास धरून ठेवितें. दुसरी, कानाचा वेगळा उल्लेख. पावसाळ्यांत पाणी तोफेच्या तोंडावाटे शिरतें तसें कानावाटेही शिरतें, आणि बुडाशीं सांचलें कीं बाहेरून दिसत नाहीं. ज्यानें हें लिहिलें किंवा लिहविलें त्यानें अशी बुडाशीं सडलेली तोफ पाहिली असली पाहिजे. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे मुद्रा. दारूस ऊन दिलें कीं नाहीं हें गोलंदाजाच्या शब्दावर सोडलेलें नाहीं. अधिकाऱ्यानें समक्ष उभें राहावें आणि आपली खूण ठेवावी. निगा ही कारागिराची मर्जी न राहतां राज्याचें कर्तव्य झाली, तें येथें.

या आज्ञा पुढें किती ठिकाणीं पाळल्या गेल्या, याचें उत्तर किल्लेवार जमाखर्चांत शोधावें लागेल. तेल, मेण, चिंध्या, राळ असल्या किरकोळ बाबी आपण नकलतांना गाळतों. आमची विनंति अशी कीं, किल्ल्याकडील कोणताही जमाखर्च हातीं आल्यास ज्येष्ठ-आषाढांतील अशा बाबी प्रथम उतरून घ्याव्या. लढाईच्या पत्रापेक्षां त्या कित्येकदां अधिक बोलतील.

५. पावसाळ्याचा हा विचार आणखी एका ठिकाणीं दिसतो. आश्विन शुद्ध नवमीस आपल्याकडे खंडेनवमी म्हणतात. त्या दिवशीं शस्त्रें काढून, पुसून, मांडून त्यांची पूजा होते, आणि दुसरे दिवशीं सीमोल्लंघन. या विधीचा धार्मिक अर्थ आम्ही नाकारीत नाहीं. तथापि पंचांग पाहिलें तर असें दिसतें कीं, चार महिने तेल-मेणाखालीं पडून असलेलीं हत्यारें बाहेर काढण्यास याहून योग्य दिवस नाहीं. पाऊस उघडलेला, वाटा सुकूं लागलेल्या, मोहीम उद्यांवर आलेली. ज्या घरांत कोणास निगेचें शास्त्र ठाऊक नव्हतें, त्या घरांतही या एका दिवसानें वर्षांतून एकदां तरी हत्यारास हात लागे. हा आमचा तर्क आहे, प्रमाण नव्हे. परंतु तो सोडवतही नाहीं.

६. तेल-मेणाची ही जोडी पुढें एकदां अनपेक्षित ठिकाणीं भेटते. १८५७ च्या जानेवारींत एन्फील्ड बंदुकीच्या काडतुसांस लावलेल्या चरबीवरून बंगालच्या पलटणींत असंतोष उसळला, तेव्हां सरकारनें शिपायांस परवानगी दिली कीं, त्यांनीं बाजारांतून आपल्या पसंतीचें वंगण आणून स्वतः लावावें; मेण आणि वनस्पतिजन्य तेल यांचें मिश्रण त्याच वेळीं पुढें आलें. तोंवर विश्वास उडाला होता आणि व्हावयाचें तें झालें. आज्ञापत्रकारानें जी वस्तु १४२ वर्षांपूर्वीं निःशंकपणें सांगितली होती, ती आरंभींच वापरली असती तर तें विशिष्ट निमित्त तरी टळलें असतें. वंगण कशाचें, हा प्रश्न क्षुल्लक नसतो.

मूळ तत्त्व मात्र पुढेंही बदललें नाहीं. आम्ही शिक्षक असतां कांहीं वर्षें राष्ट्रीय छात्रसेनेच्या पथकाचें काम पाहिलें. तेथें मुलांना रायफल साफ करावयास शिकवीत, तेव्हां दोरीस चार इंच लांब व दोन इंच रुंद चिंदी लावून नळींतून ओढावयाची, आणि तेल द्यावयाची चिंदी थोडी अरुंद, दीड इंचाची, असा दंडक होता. जुन्या ३०३ रायफलीच्या काडतुसाच्या टोपींतील मसाल्यापासूनही क्षार उत्पन्न होत. म्हणून नळींत नरसाळ्यानें कढत पाणी ओतण्याची रीति त्या काळीं होती. दारू बदलली, चाप बदलला, तोडा जाऊन काडतूस आलें. पण पाणी, कोरडी चिंधी आणि तेल हा क्रम तसाच राहिला.

७. आतां आमच्या संग्राहक मित्रांस दोन शब्द. वर जी निगा सांगितली ती बार काढणाऱ्याची आहे. आपणांस बार काढावयाचा नाहीं. आपणांस साक्ष जपावयाची आहे. म्हणून त्यांची रीति जशीच्या तशी उचलूं नये. चिंच, लिंबू, आम्ल, राख, वाळू, खरकागद यांपैकीं कांहींही नळीस लावूं नये. गंजाबरोबर अक्षरें, कारागिराचा शिक्का, तारकाम आणि पीळ देऊन घडविलेल्या नळीच्या अंगावरील जौहर हीं सर्व जातात आणि पुन्हां येत नाहींत. स्थिर झालेला जुना काळपट थर हा मळ नव्हे; तें त्या वस्तूचें वय आहे. कोरड्या मऊ फडक्यानें धूळ काढावी, पोपडे धरणारा ताजा गंज असेल तर जाणत्यास दाखवावें, आणि वर मेणाचा पातळ हात द्यावा. आजच्या वस्तुसंग्रहालयांतही लोखंडास सूक्ष्मस्फटिकी मेण देतात. म्हणजे फिरून आपण आज्ञापत्राच्याच मेणाशीं येतों. हात लावण्यापूर्वीं छायाचित्र घ्यावें, लांबी व तोंडाचा व्यास मोजावा, आणि अक्षरांचा ठसा कागदावर उतरवून ठेवावा.

परंतु या सर्वांच्या आधीं एक काम आहे, आणि तें प्रारंभीं राखून ठेविलेल्या गोष्टीशीं निगडित आहे. त्या घरची बंदूक आम्हीं परत ठेविली, त्यापूर्वीं सहज म्हणून एक लांकडी काठी हलकेच नळींत सोडली व तोंडाशीं खूण केली. तीच काठी बाहेर नळीशेजारीं धरली असतां तिचें टोक कानापर्यंत पोंचेना. चार बोटें अंतर राहिलें. म्हणजे नळींत कांहीं होतें. यजमान घरच्या मुलांदेखत चार दिवस जी बंदूक मांडीवर घेऊन घासीत होते, ती भरलेली होती. पुढें रीतसर, परवाना असलेल्या जाणत्या कारागिराकडून ती रिकामी करविली, तेव्हां चिंधी, शिशाची गोळी व दारू असा पुरा बार निघाला. दारू कोरडी होती.

अशी गोष्ट एकटीच नव्हे. न्यूयॉर्क येथील सेंट्रल पार्कांत ठेविलेली, १७८० सालीं बुडालेल्या ‘हुसार’ या इंग्रज लढाऊ जहाजावरील एक तोफ २०१३ च्या जानेवारींत साफ करण्यास घेतली, तेव्हां तिच्यांत गोळा आणि सुमारें ८०० ग्रॅम दारू सांपडली. कित्येक वर्षें लोक तिच्याजवळून जात होते. काळी दारू कोरडी राहिली तर वर्षांनीं मरत नाहीं. म्हणून नळी काठीनें मोजल्याखेरीज कोणत्याही ठासणीच्या बंदुकीस हात लावूं नये. कान खरवडूं नये. उष्णता, दिवा किंवा विजेचें यंत्र जवळ नेऊं नये. आणि अंतर कमी भरल्यास स्वतः कांहीं न करतां अधिकाऱ्यांस व जाणत्यास कळवावें. १९५९ च्या शस्त्रकायद्यांत पुराणवस्तु म्हणून जी सवलत आहे, ती दुरुस्त करूनही चालूं न शकणाऱ्या हत्यारापुरती आहे, हेंही येथेंच ध्यानांत आणून देतों.

शुक्रनीतिकारानें शोधन आधीं सांगितलें, संमार्जन नित्याचें सांगितलें. आमच्या काळीं हा क्रम उलटला आहे. बाहेर घासून आरसा होतो आणि आंत काय आहे हें कोणी पाहत नाहीं. हीच चूक आपण दफ्तरांच्या बाबतींतही करीत नाहीं ना, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. कोंकणांतील सागरी किल्ल्यांवर खाऱ्या वाऱ्यांत उघड्या पडलेल्या लोखंडी तोफांचा पापुद्रा वर्षानुवर्षें सुटत आहे. येत्या ज्येष्ठापूर्वीं त्यांपैकीं एका तोफेस जरी जाणत्यांच्या देखरेखीखालीं मेणाचा हात व वर आच्छादन मिळालें, तरी १७१५ सालची एक आज्ञा अंशतः पाळिली गेली असें होईल. इत्यलम्.